स्वारानं आधी सलाम करावा

नागपुरात ऊन तापायला लागलं की सायकल चालवणाऱ्यांची वेळ पहाटेकडे सरकते. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठनंतर सायकलवर बसणं ही शिक्षाच असते. त्यामुळं साडेपाच ते सात या दीड तासात अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स आणि सिव्हिल लाइन्समधल्या झाडांखालच्या रस्त्यांवर सगळेच एकदम उतरतात. गुडघ्याला पट्टा बांधून चालणारे निवृत्त लोक, बुरखा आणि पायात स्पोर्ट्स शूज अशा मैत्रिणींचे घोळके, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, कुत्रे फिरवणारे, पेपर टाकणारे, दुधाचे कॅन लटकवलेले गवळी आणि महागड्या सायकलींवर अंगाला घट्ट बसणारे रंगीत कपडे घालून जाणारे तरुण. जागा तीच, माणसं वाढत चाललेली.

अशा ठिकाणी भांडणं होणारच, आणि ती होतात. चालणारे म्हणतात, सायकलवाले माजलेत. सायकलवाले म्हणतात, हे लोक चौघं-चौघं ओळ करून गप्पा मारत चालतात, घंटी वाजवली तर मागं वळून बघतात पण सरकत नाहीत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तरीही या भांडणात पहिली जबाबदारी सायकलवाल्याची आहे, असं माझं मत आहे. मी स्वतः सायकल चालवतो, म्हणून हे जरा ठामपणे म्हणतो.

आधी सायकलवाल्याची बाजू मांडतो, कारण ती खरी आहे आणि भक्कमही आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांत पायी चालणारे 32,825 होते, म्हणजे जवळजवळ पाचातला एक. सायकलवर असताना मेलेले साडेचार हजारांहून अधिक. म्हणजे रोज बारा-तेरा माणसं सायकलवरून निघतात आणि घरी परत येत नाहीत. त्यांना मारणाऱ्या वाहनाला इंजिन असतं. सायकलवाल्याच्या धडकेनं कोणी ट्रकवाला मेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

कायदा काय म्हणतो, तेही बघा. ज्या रस्त्याला फुटपाथ किंवा सायकल ट्रॅक आहे, तिथं गणवेशातल्या पोलिसाची परवानगी असल्याशिवाय मोटार वाहनचालकानं त्या पट्ट्यावर गाडी घालायची नाही, हा नियम 1989 च्या रस्ते विनियमांत स्पष्ट लिहिलेला होता. सायकल ट्रॅक कसा असावा याचे निकष तर इंडियन रोड्स काँग्रेसनं 1962 मध्येच छापले होते. 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणानं सांगितलं की रस्त्याचा विचार गाड्यांच्या सोयीनं नको, माणसांच्या सोयीनं करा. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तर चालण्यायोग्य फुटपाथ हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं. कागदावर आपल्याकडं कशाचीच कमतरता नाही.

नागपूरचंच उदाहरण घ्या. 2020 मध्ये, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, केंद्राच्या स्मार्ट सिटी मिशननं शहरांसाठी सायकलस्पर्धा जाहीर केली. म्हणजे सायकल पळवण्याची नव्हे, शहर सायकलयोग्य करण्याची. शंभराहून अधिक शहरांनी नोंदणी केली. त्यातून पंचवीस निवडली गेली आणि 2021 मध्ये अंतिम अकरा शहरांना प्रत्येकी एक कोटी रुपये जाहीर झाले. महाराष्ट्रातून त्यात दोन नावं होती, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर. रस्त्याच्या कडेनं पट्टे मारले गेले, सायकलची चित्रं काढली गेली, फोटो छापून आले. लॉकडाऊनमध्ये रस्ते रिकामे होते, त्यामुळं ते पट्टे सुंदरही दिसत होते. पुढं गाड्या परत आल्या आणि कडेला उभ्या राहू लागल्या. आज शहरात कुठंही पट्टा मारा, दुसऱ्या दिवशी त्यावर एक कार, एक पाणीपुरीचा ठेला आणि एक विजेचं रोहित्र दिसेल. रंगानं रस्ता अडत नाही. तिथं किमान गुडघाभर उंचीचा दगड तरी लागतो.

हे सगळं मान्य करूनच पुढचं बोलायचं आहे. मोठ्या रस्त्यावर दुबळा असलेला सायकलवाला तलावाकाठच्या रस्त्यावर, बागेच्या कडेला किंवा अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानातल्या वाटेवर आला की एकदम बलवान होतो. माणूस तोच, सायकल तीच. फक्त शेजारी ट्रकऐवजी सत्तर वर्षांचे आजोबा असतात. पण अंगातली तक्रार मात्र मोठ्या रस्त्यावरचीच असते: मला कोणी जागा देत नाही!

थोडा हिशेब करू. आरामात पॅडल मारणारा माणूस ताशी 15 किलोमीटरनं जातो, म्हणजे सेकंदाला चार मीटरच्या आसपास. सराव करणारा सपाट रस्त्यावर ताशी 30 नं सहज जातो, म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून जास्त. समोर काही आलं हे डोळ्याला कळून बोटं ब्रेकवर दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात सायकल दोन मोटारींच्या लांबीइतकी पुढं गेलेली असते, आणि ब्रेक लागायला तेव्हा कुठं सुरुवात होते. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. हे नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं आहे. चालणाऱ्याचा वेग मात्र ताशी चार-पाच किलोमीटरच राहतो आणि त्याला मागं डोळे नसतात.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांचा प्रसंग सांगतो. डॉक्टरनं साखर कमी करायला चालायला सांगितलं, म्हणून ते रोज फजरनंतर फुटाळ्याला जायचे. एका सकाळी मागून वेगात येणारा एक मुलगा ओरडला, "साइड, साइड!" सर दचकून आवाजाच्या दिशेनं वळले आणि वळता वळता एक पाऊल नेमकं त्याच्या वाटेत पडलं. हॅन्डलचा धक्का लागला, सर पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगा पळून गेला नाही. त्यानं रिक्षा केली, सरांना दवाखान्यात नेलं, घरच्यांना फोन लावला, दोन दिवस भेटायला येत राहिला. चांगल्या घरचा, चांगल्या मनाचा मुलगा. तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "अंकल, मैंने आवाज दी थी." सर त्याला एवढंच म्हणाले, "बेटा, आवाज देने से पहले ब्रेक देना था." ऑपरेशन झालं, पण सरांचं फिरणं त्यानंतर वॉकर धरून घरातल्या घरातच राहिलं. साखर पुन्हा चढली.

या प्रसंगात कोणी गुंड नाही, कोणी दारू प्यायलेला नाही, नियम मोडल्याचीही कुठं नोंद नाही. मुलाला प्रामाणिकपणे वाटत होतं की ओरडलो म्हणजे माझी जबाबदारी संपली, आता सरकणं हे त्यांचं काम. मला हा समज सगळ्यात धोकादायक वाटतो. मागून अचानक आलेल्या आवाजाला माणूस वळूनच प्रतिसाद देतो, आणि वळताना कोणत्या बाजूला सरकेल ते त्यालाही माहीत नसतं. म्हणून घंटी लांबून वाजवायची असते, पंधरा-वीस मीटरवरून, एकदा, हलक्या हातानं. तिचा अर्थ ‘मी येतोय’ इतकाच. ‘बाजूला हो’ असा नाही. समोरच्याला ती ऐकू गेली नसेल, तर वेग कमी करायचा. तरीही जागा नसेल, तर पाय टेकवायचा. सायकलवरून पाय टेकवण्यात कोणाची अब्रू जात नाही.

आपल्याकडं या विषयावर फार जुनी आणि फार नेमकी शिकवण आहे, पण जुम्याच्या बयानात ती क्वचितच ऐकू येते. सहीह बुखारीत हजरत अबू हुरैरा यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. तिचा आशय असा, की वाहनावर असलेल्यानं पायी चालणाऱ्याला सलाम करावा, चालणाऱ्यानं बसलेल्याला, आणि थोड्यांनी जास्त लोकांना. आपण ती शिष्टाचाराची गोष्ट म्हणून लहानपणी पाठ केली आणि सोडून दिली. पण तिचा क्रम बघा. जो उंचावर आहे, जो वेगात आहे, ज्याच्याकडून इजा होऊ शकते, त्यानं आधी बोलायचं. उंटावरचा माणूस पायी चालणाऱ्याला आधी ‘तुझ्यावर शांती असो’ म्हणतो, तेव्हा तो फक्त अभिवादन करत नाही. माझ्याकडून तुला धोका नाही, याची तो हमी देतो. ही हमी देण्यासाठी त्याला खाली बघावं लागतं, चालणारा माणूस दिसावा लागतो. आणि सलामाचं उत्तर ऐकायचं असेल तर वेगही कमी करावा लागतो. घंटी हा सायकलचा सलाम आहे, असं मी माझ्या भाच्यांना सांगतो. ते हसतात, पण वाजवतात.

दुसरी हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. रस्त्यावर बसू नका असं पैगंबरांनी (स.) सांगितलं, तेव्हा लोक म्हणाले की आमची बसण्या-बोलण्याची जागा तीच आहे. मग बसायचंच असेल तर रस्त्याला त्याचा हक्क द्या, असं उत्तर मिळालं. तो हक्क काय, हे विचारल्यावर जी यादी सांगितली गेली, तिच्यात नजर खाली ठेवण्यानंतर लगेच कोणाला त्रास न देणं येतं. रस्त्याला हक्क असतो, ही कल्पनाच किती वेगळी आहे! आपण एरवी रस्त्यावरचा आपला हक्क सांगत असतो.

तिसरा प्रसंग हजच्या वेळचा. अराफातहून परतताना मागं लोक उंटांना मारत, आरडाओरडा करत घाई करत होते. पैगंबरांनी चाबकानं इशारा करून त्यांना शांत राहायला सांगितलं. घाईत काही पुण्य नाही, हा त्यांच्या सांगण्याचा आशय. चौदाशे वर्षांपूर्वीचा तो ट्रॅफिक जामच म्हणायचा. नमाजची इकामत ऐकू आली तरी धावत येऊ नका, सावकाश या, असंही सांगून ठेवलेलं आहे. आता कोणत्याही मोठ्या मशिदीसमोर शुक्रवारी सव्वा वाजता उभं राहून बघा. पहिली रकात चुकू नये म्हणून पोरं उलट्या दिशेनं बाइक घुसवतात आणि फुटपाथवर आडवी लावून आत पळतात. परतताना चाकाच्या खुर्चीवरचा माणूस त्याच फुटपाथपाशी अडकून पडलेला असतो. शब-ए-बरातच्या रात्री बाइकवर जे प्रकार होतात, त्याबद्दल तर बोलायलाच नको. त्या रात्री इबादत कमी आणि सायलेन्सर काढलेल्या गाड्या जास्त ऐकू येतात, दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी घरी रडारड असते. हे ‘ते’ करतात आणि आपण साधे, असं म्हणून भागणार नाही.

वाहतुकीच्या नियमात धर्म कशाला आणता, असं काही मित्र विचारतील. प्रश्न वाजवी आहे. सायकल कशी चालवावी यासाठी मुसलमान असण्याची गरज नाही, आणि नुसतं मुसलमान असल्यानं कोणी नीट चालवतो असंही नाही. पण आपल्या समाजात चलानाच्या भीतीपेक्षा गुनाहच्या भीतीनं जास्त माणसं थांबतात, हा माझा अनुभव आहे. शिवाय सायकलला ना नंबर प्लेट, ना लायसन्स. कॅमेऱ्यात सापडली तरी चलान पाठवणार कुठं? जिथं कायद्याचा हात पोचत नाही, तिथं माणसाच्या आतलंच काहीतरी कामाला यावं लागतं. उस्मानी साम्राज्यात एकोणिसाव्या शतकात इस्लामी दिवाणी कायदा कलमवार लिहिला गेला, त्याला मजल्ला म्हणतात. त्यात एक कलम आहे, 926 वं. त्याचा सारांश असा, की सार्वजनिक रस्त्यावरून जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण इतरांच्या सुरक्षिततेची अट पाळून. टाळता आली असती अशी इजा केली, तर तो हक्क सांगता येत नाही. मला हे कलम आजच्या कोणत्याही सायकल ट्रॅकच्या फलकावर लिहिण्यासारखं वाटतं.

जगात जिथं सायकल खरोखर रुजली, तिथंही गाडी याच विचारावर येऊन थांबली. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. आई-बाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ हेच त्यांच्या आंदोलनाचं नाव होतं. तिथल्या सायकलवाटा त्या रागातून आणि पुढं आलेल्या तेलाच्या टंचाईतून उभ्या राहिल्या. पुढं कायदा असा झाला की मोटार आणि सायकल यांची धडक झाली तर नुकसानभरपाईचं ओझं मुळात मोटारवाल्यावर. बलवानानं जास्त सांभाळून जायचं. तीच शिडी एक पायरी खाली आणा, मग सायकल आणि पादचारी यांचं नातंही तसंच ठरतं. मोटारवाल्याकडून आपण ज्या सबुरीची अपेक्षा करतो, तीच सबुरी पादचाऱ्याला देणं भाग आहे.

रोजच्या व्यवहारात हे फार कठीण नाही. डावीकडून जावं, उजवीकडून पुढं काढावं आणि पुढं काढताना हातभर नव्हे, चांगलं मीटरभर अंतर ठेवावं. लहान मूल दिसलं की ते सरळ चालणार नाही असंच धरून चालावं. कुत्रा दिसला की साखळी शोधावी, कारण पहाटेच्या उजेडात ती दिसत नाही आणि चाकात आली तर कुत्रा, मालक आणि आपण, तिघंही पडतो. दोन्ही कानांत इअरफोन खुपसून सायकल चालवणं म्हणजे स्वतःहून बहिरं होणं. ग्रुपनं जाणाऱ्यांनी गप्पांसाठी तीन-तीन सायकली शेजारी लावू नयेत. ज्याला ताशी 30 नं पळवायची आहे, त्यानं अमरावती रोड किंवा काटोल रोड गाठावा. तलावाची वाट ही त्याची जागा नाही. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ एकट्यानं बारा दिवसांच्या आत पूर्ण केली, तेव्हा साऱ्या शहराला अभिमान वाटला होता आणि वाटायलाच हवा. पण प्रत्येक सकाळ अमेरिकेची शर्यत नसते.

चालणाऱ्यांनाही थोडं सांगायला हवं. जिथं सायकलचा पट्टा वेगळा आखलेला आहे, तिथं त्यावर योगासनं करू नयेत. दोनपेक्षा जास्त माणसं शेजारी शेजारी चालली की मागचा अडकतोच. घंटी ऐकू आली तर दचकून उडी मारू नये, आहे त्या रेषेत चालत राहावं. कडेला गाडी लावून दार उघडणाऱ्यांसाठीही एक साधी युक्ती आहे. डावीकडच्या प्रवाशानं दार उजव्या हातानं उघडायचं. मग खांदा आपोआप वळतो, मान मागं जाते आणि येणारी सायकल दिसते. एवढ्यानं किती हाडं वाचतील!

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते, ती सांगतो. सायकलचा विषय निघाला की शहराच्या डोळ्यांसमोर अंबाझरीच येते. वर्तमानपत्रात फोटो हेल्मेटवाल्यांचाच छापला जातो. पण 2011 च्या जनगणनेत शेती सोडून इतर कामांवर जाणाऱ्यांत देशभर जवळजवळ 13 टक्के लोक सायकलनं जात होते, आणि तेव्हा मोटारसायकल-स्कूटरवाल्यांपेक्षा ते थोडे जास्तच होते. हे हौशी लोक नव्हते. नागपुरात ते आजही आहेत. पहाटे कामठीकडून शहरात येणारे मजूर, मोमिनपुऱ्यातून हंसापुरीकडं डबा कॅरिअरला बांधून निघणारे कारागीर, उमरेड रोडवरून ताजबागकडं परतणारे वॉचमन. रात्रपाळी संपवून येणाऱ्या माणसाच्या सायकलला दिवा नसतो, आणि रात्रभर उभं राहून दमलेल्या पायात वेगही नसतो. तो कोणत्याही ग्रुपमध्ये नाही, म्हणून त्याचं म्हणणं कोणत्याही बैठकीत येत नाही. ट्रकखाली सायकल आल्याची बातमी येते तेव्हा ती बहुतेक वेळा याच माणसाची असते.

कामठी रोडवर ऑक्टोबर 2024 मध्ये साडेपाच किलोमीटरांहून लांब असा दुमजली पूल सुरू झाला. गड्डीगोदामजवळ तर एकावर एक चार वाहतुकी आहेत: खाली रस्ता, वर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल, सगळ्यात वर मेट्रो. अभियांत्रिकीचं कौतुक करावं असंच ते काम आहे. त्या चार मजल्यांत सायकलसाठी राखलेला मजला मात्र नाही. ती जाते सगळ्यात खालून, बस आणि ट्रक यांच्या मधून.

त्यात आपले सिमेंट रोड. सिमेंटचा पट्टा संपतो आणि कडेचे गट्टू सुरू होतात, तिथं लांबच्या लांब फट असते. काही ठिकाणी दोन्हींच्या पातळीत दोन-तीन बोटांचा फरक असतो. कारला हे कळतही नाही. सायकलचं बारीक चाक त्या फटीत गेलं की हॅन्डल वळत नाही आणि माणूस थेट उजवीकडं, म्हणजे धावत्या गाड्यांच्या बाजूला पडतो. म्हणून अनुभवी सायकलवाला कडेनं न जाता फटीपासून हातभर आत चालवतो, आणि मागचा कारवाला त्याला रस्ता अडवला म्हणून शिवी देतो. इराकच्या रस्त्यात एखादं खेचर जरी ठेचकाळलं तरी रस्ता सपाट का केला नाहीस असं मला विचारलं जाईल, ही भीती हजरत उमर यांच्या नावानं सांगितली जाते. फटीत पडलेल्या माणसाचा जाब आपल्याकडं कोण कोणाला विचारतो? खड्ड्यातला दगड किंवा काच उचलून बाजूला टाकणं ही ईमानची सगळ्यात खालची का होईना, पण शाखा मानली गेली आहे. ती आपण रोज करू शकतो. फट बुजवणं मात्र महानगरपालिकेचं काम आहे आणि ते तिच्याकडूनच करून घ्यावं लागेल.

या कामकरी सायकलवाल्याला हेल्मेटवर व्याख्यान देण्यात मला अर्थ वाटत नाही. हेल्मेट चांगलंच आहे, वेगानं चालवणाऱ्यानं आणि मुलांनी ते घालावंच. पण ज्याची अख्खी सायकल जुन्या बाजारातून आली आहे, त्याला आधी परवडतील अशा तीन गोष्टी सांगाव्यात: ब्रेकचे रबर, घंटी आणि मागचा लाल रिफ्लेक्टर. जुन्या लोकांना आठवत असेल, एकेकाळी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा आणि रात्री दिवा नसला तर हवालदार चाकातली हवा सोडायचा. रॉकेलचा कंदील किंवा डायनामो लावूनच लोक अंधारात निघायचे. बिल्ला गेला, हवालदाराचं लक्षही गेलं, आणि दिवाही गेला.

इथं मला पंक्चरवाल्यांची आठवण येते. हा शब्द अलीकडं आपल्याला टोमण्यासारखा ऐकवला जातो. ऐकवू द्या. शहरातल्या कोणत्या सायकलचे ब्रेक लागत नाहीत, कोणाची चेन उतरते, कोणाच्या पुढच्या चाकाचा नट ढिला आहे, हे कोणत्याही वाहतूक अधिकाऱ्यापेक्षा चौकातल्या त्या माणसाला जास्त माहीत असतं. हवा भरायला आलेल्या सायकलचा ब्रेक तो न सांगता दाबून बघतो. रस्ता सुरक्षा अभियानात शाळेच्या पोरांना चित्रं काढायला लावतात, त्याऐवजी प्रत्येक वस्तीतल्या दोन पंक्चरवाल्यांना ब्रेकचे रबर आणि रिफ्लेक्टरचे डबे फुकट द्या. जकात-सदक्यातून हे काम मोहल्ल्याची कमिटीसुद्धा करू शकते. जकात कोणाला द्यायची याचे नियम ठरलेले आहेत, त्यात बसत नसेल तर सदका आहेच.

मुलींचं थोडं वेगळं सांगायला हवं. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. ज्या घरात मुलगी सायकलवर बसेल की नाही यावर वाद व्हायचे, तिथंही त्यामुळं चित्र बदललं. आपल्या मुली स्कार्फ बांधून, बुरखा घालून सायकल चालवतात आणि उत्तम चालवतात. फक्त सायकल घेताना चेनवर पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी आहे का, हे बघावं. ओढणीचं टोक मागं सोडू नये, गाठ मारून घ्यावी. कपडा चाकात अडकून होणारे अपघात वेगाचे नसतात, पण गळ्याचे असतात. आणि हे सांगताना ‘म्हणूनच नको म्हणत होतो’ असं घरातल्या मोठ्यांनी म्हणू नये. दोष जाळीचा असतो, मुलीचा नाही.

येत्या काही वर्षांत या वाटांवर आणखी एक पाहुणा येणार आहे, खरं तर तो आलाच आहे. 250 वॉटपर्यंतची मोटार आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतला वेग असलेली बॅटरीची दुचाकी आपल्या नियमांनुसार मोटार वाहन ठरत नाही. तिला नंबर नाही, लायसन्स नाही. जेवण पोचवणारी पोरं ती चालवतात, कारण घरची गरज आणि घड्याळ दोन्ही त्यांच्या मागं लागलेलं असतं. मोटार वाहनांना बंदी असलेल्या पट्ट्यावर ती चालेल की नाही, याचं स्पष्ट उत्तर फलकावर हवं. आवाज न करता 25 च्या वेगानं मागून येणारी जड गाडी आणि पाच वर्षांचं मूल एकाच दोन मीटरच्या पट्ट्यावर सोडून देता येणार नाही.

पुढच्या वेळी सायकलसाठी पैसे आले, तर ते आधी कामठी रोड आणि उमरेड रोडवर खर्च व्हावेत, एवढं आपल्या भागातल्या नगरसेवकांनी महानगरपालिकेत मांडावं. हिरवा रंग नसला तरी चालेल. सिमेंट आणि गट्टूंमधली फट भरावी, चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीला आणावीत आणि रात्री दिवे लागावेत. मशिदीच्या कमिट्यांनी जुम्याच्या दिवशी दोन पोरं बाहेर उभी करून फुटपाथ मोकळा ठेवावा, त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. आणि खतीब साहेबांनी येत्या जानेवारीत, रस्ता सुरक्षेचा महिना चालू असताना, स्वार आणि पादचाऱ्याच्या सलामाची ती हदीस एकदा नीट समजावून सांगावी. दहा मिनिटं पुरतील.